उन्हाळी कपडे घरी शिवायचे, तर आधी आतली बाजू बघा

अकोल्याहून एका आईने विचारलं आहे: घरात सासूबाईंची जुनी पायमशीन आहे. सरळ टीप मारता येते, खालची दुमड घालता येते, त्यापुढे फारसं येत नाही. मुलगा सात महिन्यांचा, मुलगी सहा वर्षांची, आणि दोघांनाही दर उन्हाळ्यात घामोळं येतं. बाळ झोपलं की जेवढा मिळेल तेवढाच वेळ. अशा वेळी उन्हाळ्यासाठी झटपट आणि सोपं असं घरी काय शिवावं? ट्रंकेत जुन्या सुती साड्याही आहेत, त्या वापराव्यात का?

साड्या नक्की वापरा, त्यांच्याकडे मी पुढे येते. तुम्हाला सरळ टीप येते ना, मग उन्हाळ्याचे बहुतेक सगळे कपडे तुम्हाला शिवता येतील. अंगाबरोबर बसणारे ब्लाउज, कॉलरचे शर्ट, चेनचे फ्रॉक यांना हात कसलेला लागतो. उन्हाळी कपडा अंगापासून लांब राहावा लागतो, त्यामुळे तो मुळात चौकोनी तुकड्यांतूनच निघतो. डार्ट (अंगाला बसवण्यासाठी शिवलेली चिमटी) नको, अस्तर नको, बाही जोडायला नको.

पण ज्या एका गोष्टीकडे शिकाऊ हात दुर्लक्ष करतात ती आधी सांगते: कपड्याची आतली बाजू. तयार फ्रॉक उलटा करून पाहा. काखेत ओव्हरलॉकचा, म्हणजे कड सुटू नये म्हणून मशीनने गुंडाळलेला, खरखरीत दोरा, कंबरेला जाळीचं अस्तर, मानेमागे टोचणारं लेबल, लेसची कडक टोकं. थंडीत हे जाणवत नाही. विदर्भात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला, की घामाने ओल्या कातडीवर हीच शिवण दिवसभर घासते. घामाच्या ग्रंथींची तोंडं बंद झाली की घामोळं येतं, आणि ते उठतं कुठे? मानेला, काखेत, कंबरेवर. म्हणजे बरोबर शिवणी असतात तिथेच. घरी शिवण्याचा खरा फायदा पैशांपेक्षा इथे आहे. आतून एकही उघडी कड न ठेवणं तुमच्या हातात असतं, आणि त्याला सरळ टीपच पुरते.

कापड

दुकानात ‘कॉटन’ म्हणून दाखवलेलं सगळंच सुती नसतं. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढून घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टरची भेसळ असेल तर धागा आकसतो आणि टोकाला कडक मणी राहतो. हा मणी दिसला, तर ते कापड पडद्याला ठेवा. चाचणीसाठी ठरवलेल्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम टिपला जाण्याचा आणि अंगावरून ओघळण्याचा फरक तिथेच पडतो.

तुमच्या कामाची कापडं तीन. मलमल सगळ्यात हलकी, बाळाच्या झबल्यासाठी आणि मुलीच्या घरातल्या फ्रॉकसाठी. कॅम्ब्रिक तिच्याहून थोडं घट्ट, पण मऊ. नवशिक्या हाताला सर्वांत सोपं तेच, मशीनखाली सरकत नाही आणि शिवण सरळ येते. पॉपलिन पायजम्याला, सनकोटाला, जिथे ताण येतो तिथे. कॅम्ब्रिक आणि पॉपलिन इचलकरंजीच्या मागांवर भरपूर विणलं जातं, त्यामुळे आपल्याकडे ते कुठेही मिळतं. नागपूरला इतवारीत, पुण्याला रविवार पेठेत, मुंबईला मंगलदास मार्केटमध्ये गेलात तर निवड जास्त, पण गावातल्या कापडदुकानातही पांढरं आणि फिक्या रंगातलं मिळेलच. हात बसवायला आधी एक मीटर मांजरपाट, म्हणजे जाडसर कोरं सुती कापड, आणा आणि त्यावर टिपा मारा.

रेयॉन आत्ता नको. गाऊनचं रेयॉन हाताला गार लागतं, घामही शोषतं, हे खरं. पण ते कापताना पाण्यासारखं पसरतं, धुतल्यावर चांगलंच आटतं आणि ओलं असताना त्याची ताकद कमी होते. होजिअरी, म्हणजे बनियन-टीशर्टचं ताणलं जाणारं कापड, तेही नको. त्याला गोल टोकाची सुई आणि ताणली जाणारी टीप लागते, आणि तुमच्या मशीनची सरळ टीप ओढ बसताच तुटेल.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्या. कापड छत्तीस इंची आहे की चव्वेचाळीस इंची, यावर किती मीटर लागणार हे ठरतं. खाली मी जिथे मीटर सांगते तिथे पन्हाही सांगते.

कापण्याआधी

कापड घरी आणल्यावर रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी न पिळता सावलीत वाळवा, आणि किंचित दमट असताना इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं. न भिजवता शिवलेला पायजमा दोन धुण्यांत घोट्याच्या वर जातो, आणि दोष मात्र मापाला दिला जातो. गडद रंग असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्याने कोपरा घासून रंग जातो का बघा. रंग जाणारं कापड बाळाला नको, ते हातात येईल ते चोखतं.

मलमल सरकते, तिरकी कापली जाते, मशीनच्या भोकात ओढली जाते. यावर आपल्या घरातला उपाय आहे, भाताच्या पेजेची खळ. पेज गाळून पातळ करा, मलमल त्यात बुडवून झटकून वाळवा, इस्त्री करा. कापड कागदासारखं ताठ होतं, खुणा स्वच्छ उमटतात, टीप सरळ जाते. कपडा शिवून झाला की धुवा, खळ निघून जाते आणि मलमल पुन्हा मऊ होते. मी शिवणवर्गात पहिल्या मलमलीला खळ दिल्याशिवाय कात्री लावू देत नाही.

सरळ रेषा हवी तिथे कात्रीपेक्षा फाडणं चांगलं. काठाला छोटी चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडा, कापड आडव्या धाग्यावर बरोबर सरळ फाटतं. दुकानदार हेच करतो.

मशीन

सुई नवी घाला. घरच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा सोळा नंबरची जुनी सुई बसलेली असते, ती मलमलीला भोकं पाडते. मलमलीला नऊ किंवा अकरा नंबर, कॅम्ब्रिक आणि पॉपलिनला अकरा किंवा चौदा. टीप इंचाला दहा-बारा टाके पडतील इतकी ठेवा. जुन्या पायमशीनला तेल दिलं असेल तर आधी चिंधीवर भरपूर शिवा, नाहीतर पांढऱ्या कापडावर काळा डाग पडतो.

टीप सुरू करताना वरचा आणि बॉबिनचा, असे दोन्ही दोरे मागे धरून ठेवा. तरीही मशीन कापड ओढत असेल तर खाली वर्तमानपत्राऐवजी साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून त्यासकट शिवा, कागद नंतर फाडून काढता येतो. वर्तमानपत्राची शाई मलमलीला लागते.

एकच शिवण शिका

ती म्हणजे फ्रेंच शिवण. नाव परदेशी असलं तरी आपल्याकडचे शिंपी पातळ कापडाला तीच घालतात. नेहमी आपण कापडाच्या सुलट बाजू आत ठेवून शिवतो. इथे सुरुवात उलटी करायची. सुलट बाजू बाहेर ठेवा आणि कडेपासून पाव इंचावर टीप मारा. उरलेली कड कात्रीने अर्धी छाटा. आता कापड उलटवा, शिवण नखाने नीट काढून इस्त्री करा, आणि पुन्हा पाव इंचावर दुसरी टीप मारा. सुटे धागे सगळे आत बंद झाले. एकूण माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड, अर्धा इंच लागते, ती कापतानाच सोडा. छाटणं टाळू नका, नाहीतर बाहेरच्या बाजूने धागे डोकावतात.

याच्या जोडीला तिरपी पट्टी. गळा आणि मुंढा (काखेभोवतीची गोलाई) दुमडून शिवायला जाल तर गोलाईवर चुण्या पडतील. कापडाचा एक कोपरा असा दुमडा, की आडवी कड उभ्या काठावर येईल. जी तिरपी घडी पडेल तिला समांतर दीड इंचाच्या पट्ट्या कापा. पट्टी आधी कपड्याच्या आतल्या बाजूने जोडा, मग बाहेर उलटवून, कड दुमडून, वरून टीप मारा. बहुतेक ठिकाणी उलटं शिकवतात, बाहेरून जोडून आत हातशिलाई. आतून बाहेर आणलं की हातशिलाई वाचते, टीप डोळ्यांसमोर सरळ मारता येते आणि कातडीकडे सपाट बाजू येते.

एवढं आलं की कपडे.

पायजमा

सुरुवात यापासून करा, कारण यात गोलाई एकच आहे. मुलीचा चांगला बसणारा इलॅस्टिकचा पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्यावर घाला, कंबरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून जुन्या कागदावर ठेवा आणि भोवती रेघ काढा. बाजूला शिवण न ठेवता, कागदाची बाहेरची कड कापडाच्या घडीवर ठेवून पुढचा आणि मागचा भाग एकत्रच कापायचा, म्हणजे पायाच्या बाहेरच्या बाजूला घडी येते आणि एक शिवण कमी होते. शिवणींना अर्धा इंच, वर नेफ्याला (इलॅस्टिक ओवायच्या दुमडीला) दीड इंच आणि खाली दुमडीला एक इंच माया. मागचा भाग वर पुढच्यापेक्षा एक इंच उंच ठेवा. बाजारातल्या स्वस्त पायजम्यात हा इंच वाचवतात, म्हणून मूल खाली बसलं की पायजमा मागून घसरतो. सहा वर्षांच्या मुलीला छत्तीस पन्ह्याचं एक मीटर पॉपलिन पुरतं.

आधी दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी घाला. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घाला आणि आसनाची, म्हणजे दोन पायांमधली, शिवण एका दमात पुढून मागे मारा. या एका शिवणीला फ्रेंच शिवण नको, चार पदर एकत्र येऊन गोळा होतो. दोन टिपा शेजारी-शेजारी मारा आणि कडेला तिरपी पट्टी घालून कड झाकून टाका.

इलॅस्टिक पाऊण इंच रुंद घ्या. अरुंद इलॅस्टिक कंबरेत रुततं, आणि तिथलं घामोळं सगळ्यात चिवट. कंबरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी कापा. ते कापडावर थेट ताणून शिवू नका, नेफ्यातून ओवा आणि नेफ्याला मागच्या बाजूला छोटं तोंड ठेवा. सैल झालं की बदलता येतं. याच कागदावरून पाय आखूड केले की चड्डी होते. घरातल्या मोठ्या माणसांचे पायजमेही असेच, फक्त मोठ्या मापाला छत्तीस पन्हा पुरत नाही, चव्वेचाळीस किंवा अठ्ठावन्न घ्यावा लागतो.

मुलीचा फ्रॉक

हा दोन चौकोनांचा आहे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घ्या. ते चोवीस इंच आलं तर त्यातून दोन वजा करा, कारण फ्रॉकची वरची कड गळ्याच्या खाली बसते. उरले बावीस. त्यात वरच्या नेफ्याला सव्वा इंच आणि खाली दोन इंच माया मिळवा. अठरा इंच रुंद आणि सव्वापंचवीस इंच लांब असे दोन तुकडे. छत्तीस पन्ह्यात दोन्ही शेजारी-शेजारी बसतात, पट्ट्या धरून एक मीटर कापड लागतं. मुलगी अंगाने भरलेली असेल, छाती सव्वीसच्या पुढे असेल, तर रुंदी वीस करा आणि कापड चव्वेचाळीस पन्ह्याचं घ्या.

दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून उभी घडी घाला. उघड्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून मुंढा कापा, आडवा अडीच इंच आणि खाली साडेपाच इंच, इंग्रजी जे अक्षरासारखी गोलाई देऊन. बाजूच्या शिवणी फ्रेंच पद्धतीने घाला. पुढच्या आणि मागच्या वरच्या कडा दुमडून नेफा शिवा. पुढे साडेसात इंच, मागे सात इंच इलॅस्टिक ओवा आणि दोन्ही टोकांना टाके घालून पक्कं करा. आता मुंढ्याला तिरपी पट्टी. काखेतून सुरुवात करा, पुढच्या मुंढ्यावरून वर या, नेफ्याच्या टोकापाशी थांबू नका, खांद्यासाठी पट्टी चार-पाच इंच मोकळी सोडा आणि तीच मागच्या मुंढ्यावर उतरवा. मोकळ्या भागातही कडा आत दुमडून टीप मारली, की खांद्याचा पट्टा तयार. इलॅस्टिकची टोकंही या पट्टीत झाकली जातात. पट्टी पक्की करण्याआधी टाचण्या लावून एकदा मुलीला घालून बघा, मोकळ्या भागाची लांबी प्रत्येक मुलीला वेगळी लागते.

गळ्यात इलॅस्टिकऐवजी नाडी घालण्याचा मोह होतो, कारण फुंदा छान दिसतो. लहान मुलांच्या गळ्याशी नाडी नकोच. झोपाळ्याला, घसरगुंडीला, दाराच्या कडीला ती अडकते.

खालची दुमड दोन इंच धरली ती वाढत्या अंगासाठी. पुढच्या वर्षी उसवून सोडली की फ्रॉक पुन्हा बसतो. दुमडीची टीप थोडी लांब टाक्यांची मारा, उसवायला सोपं जातं.

बाहेर उन्हात जायचं असेल तर हा फ्रॉक नको. उघड्या खांद्यांना थेट ऊन लागतं. बिनबाह्यांचा कपडा गार, ही समजूत घरातल्या सावलीत आणि पंख्याखाली खरी. उन्हात सैल, पूर्ण बाहीचं पातळ सुती कापड जास्त सुखाचं, शेतावर सदरा घालणाऱ्यांना हे विचारून बघा.

बाळाचं झबलं

जुन्या साडीला इथे तोड नाही. नवं कापड कितीही धुतलं तरी वर्षानुवर्षं वापरलेल्या सुती साडीचा मऊपणा येत नाही. आपल्याकडे बाळंतविड्यात आजीच्या साडीची आणि आजोबांच्या धोतराची दुपटी-लंगोट आधी येतात, ते याच कारणाने.

आडवा वीस इंच आणि उभा अठ्ठावीस इंच तुकडा घ्या. उभ्यात अर्धी घडी घाला, म्हणजे वर घडी आणि उंची चौदा. ही वरची घडी म्हणजे खांदे, तिथे शिवण येतच नाही. आता पुन्हा उभी घडी, रुंदी दहा. घडीच्या वरच्या कोपऱ्यात गळा काढा: आडवा दोन इंच, मागे पाऊण इंच खोल, पुढे दोन इंच खोल. म्हणजे मागचा गळा चारही पदरांतून आणि पुढचा फक्त पुढच्या पदरातून. उघड्या बाजूने वरून साडेचार इंच खाली खूण करा, ती बाही. तिथून आत या, मधल्या घडीपासून पावणेसहा इंचांवर थांबा, कोपऱ्याला छोटी गोलाई द्या आणि खाली जाताना साडेसहापर्यंत फाकवा. कापून उघडा. फक्त पुढचा पदर मधोमध वरपासून खालपर्यंत कापा, झबलं पुढे उघडलं.

बाजूच्या शिवणी बाहीपासून खालपर्यंत एका रेषेत फ्रेंच पद्धतीने. काखेतल्या गोलाईवर पहिल्या टिपेनंतर कडेला दोन-तीन बारीक चिरा द्या, टिपेला न लावता, नाहीतर उलटवल्यावर ओढ बसते. खाली आणि बाह्यांना बारीक दुमड. गळा आणि पुढची उघडी कड एकाच लांब तिरप्या पट्टीने बांधून घ्या. बंदांच्या दोन जोड्या, एक छातीवर आणि एक पोटावर, प्रत्येक बंद पाच इंचांचा. गळ्याशी बंद नको, बटण तर मुळीच नको. सात महिन्यांचं मूल बटण तोंडात घालणार. बंद कडेत घालून दोनदा उलटसुलट टीप मारा आणि ओढून बघा.

ही मापं सतरा-साडेसतरा इंच छातीच्या बाळासाठी आहेत. बाळ गुटगुटीत असेल तर पावणेसहाच्या जागी सव्वासहा धरा. एका बैठकीत तीन-चार झबली एकदम कापून ठेवा. बाळ झोपलं की एक शिवण, पुन्हा झोपलं की पट्टी, असं तुकड्यातुकड्यांत करता येतं. कापणं मात्र रात्री निवांत करा, अर्धवट सोडलेलं कापणं चुकतं.

तुमच्यासाठी साडीचा गाऊन

आधी साडी उजेडासमोर धरा. बसायच्या जागी आणि पायाशी ती विरलेली असते. दोन अंगठ्यांनी ताणून बघा, धागे सुटून जाळी दिसली तर तो भाग झबल्यात आणि दुपट्यात घाला, गाऊनमध्ये नको. फॉल उसवून काढा.

खांद्यापासून घोट्यापर्यंत पन्नास इंच उंची धरली तर दुप्पट शंभर आणि दुमडी मिळून एकशे चार इंच, म्हणजे साधारण दोन मीटर पासष्ट सेंटीमीटर. साडेपाच मीटरच्या पाचवारीतून, कापड धड असेल तर, दोन गाऊन निघतात. तुकडा मधोमध दुमडा, घडी खांद्यावर आली. साडीचे दोन्ही काठ आता आपोआप दोन बाह्यांच्या तोंडाशी आले. काठ विणीतच पक्का असतो, त्यामुळे बाह्यांना दुमडच लागत नाही. नक्षीत कोयरी किंवा वेल एकाच दिशेने असेल तर मात्र मागे ती उलटी येईल. तशी साडी असेल तर खांद्यावर कापून, मागचा तुकडा फिरवून जोडा.

नितंबाचं माप चाळीस असेल तर त्याचं अर्ध वीस आणि त्यात तीन इंच सैलपणा. तेवीस इंच अंतरावर दोन सरळ रेघा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेअकरा. खांद्याच्या घडीपासून नऊ इंच बाहीसाठी मोकळे सोडा आणि तिथून खाली गुडघ्यापर्यंत रेघेवर टीप मारा, बाहेरचं कापड तसंच झुलू द्या. हा झाला काफ्तान. गळा, दोन टिपा आणि खालची दुमड, एवढंच काम. गळा आधी लहान काढा: आडवा मध्यापासून तीन इंच, मागे दोन, पुढे सहा. गळा वाढवता येतो, कमी करता येत नाही. बाळाला अंगावर पाजत असाल तर पुढे मध्यावर आठ-नऊ इंचांची चीर द्या आणि तिलाही गळ्याच्याच पट्टीने बांधा. चिरीच्या तळाशी टाका पक्का करा, ताण तिथेच येतो.

पण ओट्याशी काफ्तान घालून उभ्या राहू नका. झुलतं कापड गॅसच्या ज्योतीवर जातं. स्वयंपाकाचा गाऊन वेगळा करा: बाहीच्या खालचं बाजूचं कापड, रेघेबाहेर एक इंच सोडून, कापून टाका. काखेत ताटलीची कड ठेवून गोलाई आखा. बाही कोपराच्या वर हवी असेल तर ती मध्यापासून पंधरा इंचांवर कापा आणि कापलेला काठ पुन्हा तोंडाला जोडा. कुठल्याही परिस्थितीत ओट्याशी सिंथेटिक साडीचा गाऊन नको. सुती कापडही पेट घेतं, पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं.

बाजूच्या त्या कापलेल्या चार पट्ट्या प्रत्येकी नऊ-साडेनऊ इंच रुंद निघतात. त्यातून गाऊनला दोन खिसे काढा. खिसा मोठा ठेवा, मोबाइल आणि रुमाल दोन्ही मावले पाहिजेत. उरलेल्यातून तिरप्या पट्ट्या कापून, जोडून, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. पुढच्या प्रत्येक कपड्याला त्या लागतील.

सनकोट

स्कूटरवर जात असाल तर हाही घरी होतो. पांढरं पॉपलिन, चव्वेचाळीस पन्हा. रचना झबल्याचीच, माप मोठं: खांद्याला घडी, पुढे उघडा, नितंब झाकेल इतकी उंची. छातीच्या अर्ध्या मापात चार इंच मिळवा, कारण तो आतल्या कपड्यांवर चढतो. पन्ह्यातून बाही कोपरापर्यंतच येते, म्हणून कोपरापुढची बाही वेगळी जोडावी लागते. ती जोड फ्रेंच शिवणीनेच घाला. बाहीची लांबी हात हँडलवर ठेवल्यासारखा पुढे करून मोजा, सरळ खाली सोडून नाही, नाहीतर मनगट उन्हात उघडं राहतं. त्यावर अडीच इंच जास्त घ्या, म्हणजे हाताची मागची बाजू झाकली जाते, आणि कडेच्या शिवणीत अंगठ्यापुरती फट सोडून तिच्या दोन्ही टोकांना उलटसुलट टीप मारा. पुढे टिचबटणं लावा. वाऱ्याने कोट उडू नये म्हणून ती चार इंचांच्या अंतराने, आणि सगळ्यात खालचं बटण मांडीच्या वरच थांबवा, पाय टाकायला मोकळं राहतं.